शंभरात किती? श्रद्धेच्या पाहण्या वाचताना



"शंभरातल्या सत्तर कॅथलिकांचा ख्रिस्तप्रसादावर विश्वासच उरलेला नाही!" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत ऐकले असेल. कुणी रिट्रीटमध्ये ऐकले, कुणाला मोबाइलवर आले, कुणी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून दुसऱ्याला सांगितले. सांगणाऱ्याचा सूर बहुधा काळजीचा असतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र लगेच कुणीतरी दुसराच येतो: शेवटच्या बाकावर बसून प्रवचनात मोबाइल पाहणारा पुतण्या, नाहीतर फक्त नाताळला दिसणारा शेजारी.

येत्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील घराघरांत कुटुंब-पाहणीचे फॉर्म येणार आहेत. तत्पूर्वी असे आकडे कुठून येतात, त्यांचा अर्थ कसा लावायचा आणि त्यांत किती खरे मानायचे, याचा अभ्यास प्रौढ धर्मशिक्षण वर्गातील आम्ही काही जणांनी एकत्र बसून केला. तो इथे मांडत आहोत. गणिताची भीती बाळगू नये. शेकडेवारी येत असली की पुरे.

तो सत्तरचा आकडा

हा आकडा अमेरिकेतला आहे. भारतातला नाही आणि जगाचाही नाही. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन लोकांच्या धार्मिक ज्ञानाची पाहणी केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्यातील कॅथलिकांविषयीचा हा भाग प्रसिद्ध केला. मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारस हे खरोखर येशूचे शरीर व रक्त होतात, की ती केवळ त्यांची प्रतीके आहेत, असे दोन पर्याय समोर ठेवले होते. कॅथलिकांपैकी ३१ टक्क्यांनी पहिला पर्याय निवडला, ६९ टक्क्यांनी दुसरा. बातमी एवढीच आली आणि जगभर गेली.

परंतु त्याच अहवालात पुढे जे होते ते फारसे कुणी वाचले नाही. प्यूने आणखी एक प्रश्न विचारला होता: याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? दोन्ही उत्तरे एकत्र ठेवली की चित्र पालटते. शंभरातील २८ जणांना शिकवण ठाऊक आहे आणि ते ती मानतात. २२ जणांना शिकवण ठाऊक आहे, पण ते ती मानत नाहीत. आणि तब्बल ४३ जणांना वाटते की ही प्रतीकेच आहेत आणि ख्रिस्तसभाही तसेच शिकवते! उरलेले थोडे इकडचे-तिकडचे.

आता सांगा, या ४३ जणांना 'विश्वास न ठेवणारे' म्हणायचे काय? त्यांनी ख्रिस्तसभेची शिकवण नाकारलेली नाही. ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. शिकवण ऐकून ती नाकारणारे २२ आणि कधी ऐकलीच नाही असे ४३ यांना एकाच टोपलीत घालून सत्तरची आरोळी ठोकणे बरोबर नव्हे. पहिल्यांशी बोलायची रीत वेगळी आणि दुसऱ्यांशी बोलायची वेगळी. वैद्यसुद्धा भुकेने आलेल्या अशक्तपणाला आणि आजाराने आलेल्या अशक्तपणाला एकच औषध देत नाही.

तरीही या पाहणीतून सुटका नाही. दर रविवारी मिस्साला जाणाऱ्यांत ६३ टक्क्यांनी 'खरोखर' हा पर्याय निवडला. म्हणजे वेदीसमोर दर आठवड्याला रांगेत उभे राहून 'आमेन' म्हणणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण वेगळे काही मानत होते. हे वाचून आम्ही सारे काही वेळ गप्प बसलो.

प्रश्न बदलला, उत्तर बदलले

अमेरिकेतच जॉर्जटाउन विद्यापीठात 'कारा' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक संशोधन संस्था आहे. ती १९६४ पासून कॅथलिक ख्रिस्तसभेविषयी पाहण्या करते. या संस्थेने २०२२ च्या उन्हाळ्यात १,०३१ प्रौढ कॅथलिकांची पाहणी केली व २०२३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. तिने फक्त दोन पर्याय पुढे केले नाहीत. आधी लोकांना त्यांच्याच शब्दांत लिहू दिले, मग निरनिराळ्या तऱ्हेने प्रश्न विचारले, आणि सर्व उत्तरे एकत्र तपासली. निष्कर्ष निघाला की ६४ टक्के लोक ख्रिस्तप्रसादात ख्रिस्त खरोखर उपस्थित आहे असे मानतात.

तीन वर्षांत ३१ चे ६४ झाले काय? अर्थातच नाही. माणसे साधारण तीच, प्रश्न वेगळा.

आणि इथे आपल्यालाही थोडे थांबून विचार करावा लागेल. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण काय पाठ केले होते? साक्रामेंत म्हणजे अदृश्य कृपेचे दृश्य चिन्ह, असेच ना? मग कुणी 'चिन्ह' या शब्दावर बोट ठेवले तर तो चुकला असे कसे म्हणायचे? ख्रिस्तसभेची शिकवण अशी की साक्रामेंत हे चिन्ह आहेच, पण ते ज्याचे चिन्ह आहे ते प्रत्यक्ष देणारे चिन्ह आहे. झेंडा हे देशाचे प्रतीक. झेंडा हातात घेतला म्हणून देश हातात येत नाही. ख्रिस्तप्रसादाचे तसे नाही. भाकरीचे रूप, रंग, चव, वजन सारे तसेच राहते, पण तिचे सत्त्व बदलते. ती ख्रिस्ताचे शरीर होते. प्यूच्या प्रश्नात 'प्रतीक' आणि 'खरोखर' यांना दोन टोकांना बसवले होते. ज्याला दोन्ही म्हणायचे होते त्याला जागाच नव्हती.

हा घोळ आजचा नाही. अकराव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बेरेंगार नावाच्या विद्वानाने नेमका हाच प्रश्न उभा केला: चिन्ह असेल तर ती प्रत्यक्ष वस्तू कशी? १०५९ आणि १०७९ साली रोममध्ये त्याच्याकडून शपथेवर कबुली घेण्यात आली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने सत्त्व बदलण्याविषयीचा शब्द आपल्या लिखाणात आणला आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती शिकवण पक्की मांडली. एवढ्या थोर मंडळींना जिथे शब्द जपून वापरावे लागले, तिथे फोनवर किंवा पडद्यावर दोन पर्यायांतून एक निवडणाऱ्या साध्या माणसाची तारांबळ उडाली तर नवल नाही.

म्हणून काराचा आकडा प्यूपेक्षा 'आपल्या सोयीचा' आहे म्हणून तो खरा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. काराच्या पाहणीतही निम्म्या लोकांना शिकवण नेमकी सांगता आली नाही. आणि तिच्यातील खरी झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. दर आठवड्याला मिस्साला जाणाऱ्यांत ख्रिस्ताच्या खऱ्या उपस्थितीवर विश्वास ठेवणारे ९५ टक्के, महिन्यातून एकदा तरी जाणाऱ्यांत ८० टक्के, आणि वर्षातून चार-दोनदा किंवा त्याहून कमी जाणाऱ्यांत ५१ टक्के. पण दर आठवड्याला जाणारे मुळात किती? शंभरात १७.

आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक म्हणाले, पाहा, विश्वास आहे म्हणूनच लोक येतात. आधी विश्वास शिकवा, बाके आपोआप भरतील. दुसऱ्या बाई म्हणाल्या, उलटे आहे. येत राहिल्याने विश्वास टिकतो, येणे सुटले की दोन-तीन वर्षांत तोही सुटतो. या आकड्यांवरून हा वाद मिटत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. दोन गोष्टी जोडीने वाढताना दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असे सिद्ध होत नाही. तिसरेच काही कारण असू शकते: ज्या घरात आजी संध्याकाळी जपमाळेला सर्वांना बसवते, त्या घरातली मुले विश्वासही ठेवतात आणि मिस्सालाही येतात. आम्हांला स्वतःला त्या बाईंचे म्हणणे अधिक पटते, पण ते आमचे मत झाले, आकड्यांचे नव्हे.

अमेरिकेच्या बिशपांनी मात्र आकड्यांचा वाद घालत न बसता २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षे ख्रिस्तप्रसादाविषयीचे राष्ट्रीय पुनरुज्जीवन अभियान राबवले. जुलै २०२४ मध्ये इंडियानापोलिस शहरातील फुटबॉलच्या स्टेडियममध्ये राष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषद भरली. त्या देशात अशी परिषद ८३ वर्षांनी भरत होती आणि पन्नास हजारांहून अधिक लोक आले. सत्तरच्या त्या आकड्याने निदान एवढे हलवले.

सांगणे आणि असणे

आता दुसरी एक जुनी गोष्ट. अमेरिकेत गॅलप ही संस्था कित्येक दशके लोकांना विचारत आली आहे की गेल्या सात दिवसांत तुम्ही चर्चला गेला होता काय? वर्षानुवर्षे शंभरातले सुमारे चाळीस 'होय' म्हणत. काही अभ्यासकांना शंका आली. एवढे लोक येतात तर चर्चमध्ये दिसत का नाहीत?

हॅडवे, मार्लर आणि चाव्हेज या तिघांनी १९९३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ओहायो राज्यातील अ‍ॅश्टाब्युला हा एक जिल्हा निवडला, तेथील प्रॉटेस्टंट चर्चची यादी केली, यादीत नसलेली चर्च शोधायला रस्ते पालथे घातले, आणि प्रत्यक्ष उपस्थिती किती ते मिळवले. फोनवर विचारले तेव्हा सुमारे ३६ टक्के प्रॉटेस्टंट आपण गेलो होतो म्हणत. प्रत्यक्ष हजेरी सुमारे २० टक्के भरली. कॅथलिकांसाठी त्यांनी १८ धर्मप्रांतांतील मोजणीचे आकडे घेतले. गॅलपला ५१ टक्के कॅथलिक 'होय' सांगत होते. मोजणीत २८ टक्के निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मे.

मग बाकीचे खोटे बोलले काय? अभ्यासकांचे म्हणणे तसे नाही, आणि आम्हांलाही तसे वाटत नाही. माणसाला विचारले, "गेल्या रविवारी मिस्साला गेला होतात का?", तर तो त्या रविवारचे उत्तर देत नाही, आपण कशा प्रकारचा माणूस आहोत याचे उत्तर देतो. "मी नेहमी जाणारा माणूस आहे, गेल्या रविवारी पाहुणे आले होते म्हणून राहिले एवढेच," असे मनात म्हणत तो 'होय' म्हणून टाकतो. प्रेसर आणि स्टिन्सन या दोघांनी १९९८ मध्ये दाखवले की चर्चचे नाव न काढता नुसते "काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केले ते सांगा" असे विचारले, किंवा समोर माणूस न बसवता कागदावर लिहू दिले, की जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने खाली येते.

आता आपल्याकडची कल्पना करा. दारात झोनचे प्रमुख फॉर्म घेऊन उभे आहेत, सोबत सिस्टर आहेत, आतून चहा येतो आहे. प्रश्न: "घरी रोज जपमाळ होते का?" कोण माईचा लाल 'नाही' म्हणेल? म्हणूनच आपल्या पाहणीचे दोन भाग केले आहेत. ते पुढे सांगतो.

आपल्या ख्रिस्तसभेचे जुने हिशेब

पाहणी हे नवीन, पाश्चात्त्य, कंपन्यांकडून उसने घेतलेले खूळ आहे, असे काहींना वाटते. तसे नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना विवाहांची नोंदवही ठेवायला लावली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात नोंदवह्यांचे नमुनेच दिले होते. त्यांत स्नानसंस्कार, विवाह, मृत्यू यांच्याबरोबर आणखी एक वही होती. तिचे नाव 'आत्म्यांच्या स्थितीची वही'. धर्मगुरूने प्रत्येक घराची वेगळी नोंद करायची: घरात कोण कोण आहेत, वय किती, कुणी ख्रिस्तप्रसाद घेतो, कुणाचे दृढीकरण झाले. युरोपातील कित्येक गावांचा इतिहास आज याच वह्यांवरून लिहिला जातो. आपल्या ऑफिसातील कुटुंब-कार्डे ही त्याच वहीची नातवंडे.

विसाव्या शतकात फ्रान्समध्ये हे काम शास्त्र म्हणून उभे राहिले. गाब्रिएल ल ब्रा हे कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये आवाहन केले की फ्रान्समध्ये लोक नेमके किती व कसे धर्माचरण करतात ते गावोगाव मोजा. त्यांनी माणसांचे प्रकार पाडले. त्यांतला एक आम्हांला फार आवडला: 'हंगामी', म्हणजे स्नानसंस्कार, लग्न आणि अंत्यविधी या तीनच वेळी चर्चमध्ये येणारे. (तिसऱ्या वेळी तर त्यांना आणावेच लागते.) त्यांच्या मागून फादर फेर्नां बुलार यांनी १९४७ मध्ये ग्रामीण फ्रान्सचा धार्मिक नकाशा काढला. त्यावर दिसले की एका प्रांतात चर्च भरलेली, तर शेजारच्या प्रांतात ओस. एकच देश, एकच शिकवण, एकाच पद्धतीचे धर्मगुरू, तरी इतका फरक! त्याच्या चार वर्षे आधी, १९४३ मध्ये, गोदँ आणि दानिएल या दोन धर्मगुरूंनी फ्रान्स हाच आता मिशनचा प्रदेश झाला आहे काय, असा प्रश्न पुस्तकाच्या नावातच विचारून खळबळ उडवली होती.

जर्मनीतील बिशप आजही विचारत बसत नाहीत, मोजतात. वर्षातून दोन ठरलेल्या रविवारी, एक प्रायश्चित्तकाळातला आणि एक नोव्हेंबरातला, प्रत्येक चर्चमध्ये डोकी मोजली जातात. १९५० मध्ये तेथे निम्मे कॅथलिक रविवारी मिस्साला असत. २०२४ मध्ये शंभरातले ६.६. शिवाय तेथे चर्चचा कर सरकार वसूल करते, त्यामुळे ख्रिस्तसभा सोडायची तर सरकारी कचेरीत जाऊन लिहून द्यावे लागते आणि तो आकडा अचूक कळतो. २०२२ मध्ये ५,२२,८२१ जणांनी तसे लिहून दिले.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. 'कॅथलिक किती?' या साध्या प्रश्नालाच तीन उत्तरे आहेत. व्हॅटिकन स्नानसंस्कार झालेल्यांना मोजते. त्या हिशेबाने २०२३ च्या अखेरीस जगात १४० कोटी ६० लाख कॅथलिक होते. प्यूसारख्या संस्था स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्यांना मोजतात. आणि जर्मनीत कर भरणारी नोंद मोजली जाते. एका ठिकाणचा वरचा आकडा घेऊन दुसऱ्या ठिकाणच्या खालच्या आकड्याने भागले की वाटेल ते सिद्ध करता येते.

आपल्या देशातले आकडे

भारतात सरकार दर दहा वर्षांच्या जनगणनेत धर्म विचारत आले आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ७८ लाख ख्रिस्ती होते, म्हणजे २.३ टक्के. महाराष्ट्रात १०,८०,०७३, एक टक्क्याहूनही थोडे कमी. गोव्यात मात्र चौथा हिस्सा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. जनगणना पंथ सांगत नाही, त्यामुळे या दहा लाखांत कॅथलिक किती व इतर किती हे तिच्यावरून कळत नाही. आणि माणूस काय मानतो हे तर ती विचारतच नाही.

ते विचारले प्यूने. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात भारतात १७ भाषांत, घरोघर जाऊन, २९,९९९ प्रौढांची पाहणी झाली. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यांत ख्रिस्ती होते १,०११. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण भांडे नीट ढवळलेले असावे लागते. हजार ख्रिस्ती, आणि तेही केरळपासून नागालँडपर्यंत पसरलेले. त्यांवरून आपल्या तालुक्याविषयी काही बोलता येणार नाही.

तरी त्यातील एका निष्कर्षावर बोलण्यासारखे आहे. भारतातील ५४ टक्के ख्रिस्ती कर्मावर विश्वास असल्याचे सांगतात, २९ टक्के पुनर्जन्मावर, आणि ३२ टक्के गंगेच्या पावन करण्याच्या शक्तीवर. हे वाचून कुणी कपाळाला हात लावील. पण थांबा. 'कर्म' हा शब्द मराठीत आपण किती सहजपणे वापरतो! दूध उतू गेले की "काय माझं कर्म!", कुणी उद्धट मुलाच्या हातून त्रास भोगत असला की "केल्या कर्माची फळं." हे म्हणणारी बाई मागच्या जन्माचा हिशेब मांडत नसते. पेरावे तसे उगवते असे तर संत पौलानेही गलतीकरांना लिहिले आहे. आकडेच पाहा: कर्माला होय म्हणणारे ५४ आणि पुनर्जन्माला २९. म्हणजे शंभरातले किमान २५ जण असे आहेत की जे कर्म मानतात पण पुनर्जन्म मानत नाहीत. त्यांच्या मनात 'कर्म' म्हणजे नेमके काय, हे त्यांच्याशी बसून बोलल्याखेरीज कळायचे नाही. पुनर्जन्माच्या २९ ची गोष्ट मात्र वेगळी. तिथे शब्दाची पळवाट नाही. आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात देहाच्या पुनरुत्थानाची कबुली देतो. पुनरुत्थान आणि पुनर्जन्म हे दोन शब्द सारखे दिसतात म्हणून एकच नव्हेत. आपल्या वर्गात हा धडा नव्याने घ्यावा असे आम्ही ठरवले आहे.

जाता जाता मोबाइलवर फिरणाऱ्या पाहण्यांविषयी. ज्यात कुणीही लिंक उघडून आपली आपण उत्तरे भरतो, अशा पाहण्यांवर फार विसंबू नये. प्यूने अशा एका पाहणीत मुद्दाम विचारले की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे काय? तिशीच्या आतल्या १२ टक्के अमेरिकनांनी 'होय' म्हटले! हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा 'तरुण मोठ्या संख्येने परतत आहेत' किंवा 'तरुण मोठ्या संख्येने सोडून जात आहेत' असा संदेश आला, तर आनंद किंवा शोक करण्याआधी कुणी, कुणाला, कसे विचारले ते पाहावे.

मोजणे पाप आहे काय?

आमच्यातील एका ज्येष्ठ बंधूंनी हा प्रश्न गांभीर्याने विचारला, कारण बायबलमध्ये तसे दिसते. २ शमुवेल २४ मध्ये दावीद राजा लोकांची मोजणी करायला सांगतो, सेनापती यवाब नको म्हणतो, राजा ऐकत नाही, आणि पुढे मरीने सत्तर हजार माणसे मरतात. पण गणनेच्या पुस्तकात देव स्वतः मोशेला मोजणी करायला सांगतो आणि ६,०३,५५० हा आकडाही दिलेला आहे. मग फरक कशात? दावीद तलवार धरणारे मोजत होता. आपल्या हाती किती बळ आहे ते त्याला पाहायचे होते. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळही मोजतो. न मोजता त्याला कसे कळले असते की नव्व्याण्णवच आहेत? त्याची मोजणी जे नाही त्याच्यासाठी आहे. आमच्या ज्येष्ठ बंधूंचे यावर पुरते समाधान झाले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. ते म्हणाले, मेंढपाळाने हरवलेल्याची टक्केवारी काढली नव्हती.

आपला फॉर्म

आता कामाचे. पहिला कागद नावानिशी आहे: घरातील माणसे, वय, स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, विवाह, आजारी व अंथरुणाला खिळलेले कोण. कुवेतला, कॅनडाला किंवा जहाजावर असलेल्या मुलाचे नाव लिहावे, पण पुढच्या रकान्यात तो कुठे आहे ते लिहावे. मिरा रोडला किंवा नायगावला फ्लॅट घेऊन राहायला गेलेली मुले बहुधा तिकडच्या धर्मग्रामातही नोंदलेली असतात. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये. ज्या घरातला कुणी दुसऱ्या पंथात प्रार्थनेला जातो त्या घराने संकोच करू नये. तो कागद फादरांपाशीच राहील.

दुसरा कागद बिननावाचा. पंधरा वर्षांवरील प्रत्येकाने स्वतःचा स्वतः भरायचा. बाबांनी सर्वांचे भरू नयेत. तो बंद पाकिटात घालून चर्चच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या कुलूपबंद पेटीत टाकायचा. त्यात "तुम्ही मिस्साला नेहमी जाता का?" असा प्रश्न नाही, "गेल्या चार रविवारांपैकी किती रविवारी गेलात?" असा आहे. ख्रिस्तप्रसादाविषयी दोन पर्याय दिलेले नाहीत. चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. पापनिवेदनात काय सांगितले हे कुणी विचारणार नाही, विचारूही शकत नाही. सुवाच्य अक्षर नसले तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घराबाहेरच्या, विश्वासातल्या माणसाकडून लिहून घ्यावे. सुनेकडून नको, असे एका आजींनीच सुचवले.

तीन साध्या रविवारी सर्व मिस्सांना दारांवर माणसे मोजली जातील. झावळ्यांचा रविवार, सण आणि लग्नसराईचे रविवार मुद्दाम टाळले आहेत. एकाच दिवशी दोन मिस्सांना येणाऱ्या गायकवृंदाने एकदाच मोजून घ्यावे. बाहेर झाडाखाली उभे राहून मिस्सा ऐकणाऱ्यांना मोजायचे की नाही यावर पॅरिश कौन्सिलमध्ये मतभेद झाले. शेवटी मोजायचे ठरले, पण वेगळ्या रकान्यात.

जे अंथरुणाला आहेत, जे त्यांच्याजवळ बसलेले आहेत, ज्यांची रविवारी ड्यूटी असते, ज्यांच्या मांडीवर तान्हे मूल आहे, त्यांची गैरहजेरी ही गैरहजेरी नव्हे. टक्केवारी काढताना ती वेगळी ठेवली जाईल. निष्कर्ष काहीही निघोत, ते याच पत्रकात पूर्ण छापले जातील. शेजारच्या धर्मग्रामाशी तुलना छापली जाणार नाही.

झोनच्या बैठकीत बोलण्यासाठी

योहानकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय सर्वांनी मिळून वाचावा. येशूने जीवनाच्या भाकरीविषयी सांगितल्यावर अनेक शिष्य निघून गेले. त्याने त्यांना थांबवण्यासाठी आपले शब्द सौम्य केले काय? ख्रिस्तप्रसाद घेताना आपण 'आमेन' म्हणतो, ते नेमके कशाला? एखाद्या नऊ वर्षांच्या मुलाला समजेल अशा दोन वाक्यांत प्रत्येकाने सांगून पाहावे. आपल्या झोनमध्ये गेल्या वर्षभरात कोण दिसेनासे झाले? नावे मोठ्याने घेऊ नयेत. पण त्यांच्या घरी शेवटचे कोण गेले होते, आणि कशासाठी गेले होते, वर्गणीसाठी की सहज?